खिशातला प्रोजेक्टर: दोन लाख तीस हजार आरसे आणि त्यांना नाचवणारं सर्किट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे बघा’ बरेचसे काढलेत, थोडे मुद्दाम ठेवलेत. कंसातल्या वेळा ऑडिओच्या आहेत.)

[००:००] सुरुवात

कानात इअरफोन, हातात फोन, आणि बहुतेक बसमध्ये किंवा लोकलमध्ये असाल. आज ज्या वस्तूबद्दल बोलायचंय ती तुमच्या हातातल्या फोनपेक्षाही छोट्या डबीत मावते, पण भिंतीवर टीव्हीएवढं चित्र पाडते. पिको प्रोजेक्टर.

यूट्यूबवर असे प्रोजेक्टर बनवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एक छोटं बोर्ड, त्यावर लेन्स, मागे रास्पबेरी पाय, आणि झालं! व्हिडिओत सगळं दहा मिनिटांत होतं. खरं काम मात्र त्या दहा मिनिटांत न दाखवलेल्या गोष्टींत असतं. कुठलं व्होल्टेज आधी द्यायचं, एलईडीला करंट कसा पुरवायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद कसं करायचं. हो, बंद करायचं! नीट बंद केलं नाही तर यातली सगळ्यात महागडी चिप कायमची जाऊ शकते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कुणी हे प्रोजेक्ट म्हणून घेणार असेल, तर हा भाग आधी ऐका आणि मग ऑर्डर द्या.

[०१:२०] कवडसा आठवतोय?

शाळेत असताना घड्याळाच्या काचेनं किंवा छोट्या आरशानं कवडसे पाडलेत ना? आरसा जरासा तिरका केला की कवडसा फळ्यावर, उलट्या बाजूला केला की खिडकीबाहेर. आता कल्पना करा, असे २,३०,४०० आरसे एका नखाएवढ्या चिपवर बसवलेत. ६४० आडवे, ३६० उभे. प्रत्येक आरसा म्हणजे चित्रातला एक ठिपका, एक पिक्सेल. आरसा एका बाजूला कलला की त्याचा कवडसा लेन्समधून भिंतीवर जातो. दुसऱ्या बाजूला कलला की डबीच्या आतल्या काळ्या भिंतीवर जाऊन वाया जातो. बस्स. पांढरा किंवा काळा, मधलं काही नाही.

या चिपला म्हणतात डीएमडी, डिजिटल मायक्रोमिरर डिव्हाइस. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक या शास्त्रज्ञानं १९७७ पासून यावर काम केलं. सुरुवातीला आरसा थोडा थोडा वाकवायचा, म्हणजे कमी-जास्त प्रकाश मिळेल, अशी कल्पना होती. पण लाखो आरसे अगदी सारखे वाकवणं फार कठीण. म्हणून १९८७ मध्ये त्यानं वेगळा रस्ता धरला. आरसा फक्त दोनच जागी थांबेल, इकडे किंवा तिकडे. १९९६ मध्ये यावर चालणारे प्रोजेक्टर बाजारात आले. आज मल्टिप्लेक्समधले बरेचसे डिजिटल प्रोजेक्टर याच तंत्रावर चालतात, आणि हॉर्नबेकला २०१५ मध्ये त्यासाठी ऑस्करची बाहुलीही मिळाली. इंजिनिअरला ऑस्कर!

आपण ज्या चिपबद्दल बोलणार आहोत ती याच कुटुंबातली धाकटी. नाव डीएलपी२०००. तिरकस मोजली तर ०.२ इंच. एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंतचं अंतर ७.५६ मायक्रॉन. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे आठ-नऊ आरसे शेजारी शेजारी बसतील. प्रत्येक आरसा १२ अंश इकडे नाहीतर १२ अंश तिकडे कलतो.

[०३:३०] आरसा हलतो कसा?

इथं मोटर नाही, लोहचुंबक नाही. कंगवा केसांत फिरवून कागदाचे कपटे उचलतो, ते बल इथं वापरलंय. स्थिर विद्युत.

प्रत्येक आरशाखाली मेमरीचा एक कप्पा असतो, त्यात ० किंवा १. आरशाच्या दोन्ही बाजूंना खाली दोन छोट्या पट्ट्या असतात. कप्प्यात १ असेल तर एका पट्टीवर व्होल्टेज येतं, ० असेल तर दुसरीवर. आरशाला स्वतःला एक वेगळं, जास्त व्होल्टेज दिलेलं असतं. त्याला म्हणतात बायस. जिकडे व्होल्टेजचा फरक जास्त, तिकडे ओढ जास्त, आणि आरसा तिकडे कलतो.

आता यातली गंमत ऐका. एकदा आरसा कलून टेकला की बायस त्याला तिथंच धरून ठेवतो. खालच्या मेमरीत आता काहीही बदललं तरी आरसा हलत नाही! त्याला हलवायचं तर सगळ्या आरशांना एक झटका द्यावा लागतो, रिसेट पल्स. झटक्यानं पकड सुटते, पातळ बिजागरीतला पीळ त्याला वर उचलतो, आणि मेमरीत जे नवीन लिहिलंय त्या बाजूला तो जाऊन टेकतो.

याचा सर्किट बनवणाऱ्याला मोठा फायदा आहे. लग्नाच्या पंगतीसारखं समजा. एक पंगत जेवत असताना शेजारच्या मांडवात दुसऱ्या पंगतीची पानं मांडून तयार ठेवायची. पहिली उठली की दुसरी लगेच बसते, मध्ये वेळ जात नाही. तसंच इथं: आरसे जुनं चित्र दाखवत उभे, आणि त्यांच्या पायाखाली नवीन चित्राचे ०-१ भरून तयार. झटका दिला की सगळे एकदम वळतात.

[०५:१०] मग करडा रंग कुठून येतो?

कुणीतरी विचारणारच, आरसा फक्त पांढरा किंवा काळा दाखवतो, तर चेहऱ्यावरची सावली कशी दिसते?

उत्तर आहे वेळ. आरसा अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद ठेवला तर डोळ्याला अर्धाच उजेड वाटतो. आणि रंग? तेही वेळेवरच. आत लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात. आधी फक्त लाल पेटतो आणि आरसे चित्रातला लाल भाग दाखवतात. मग हिरवा, मग निळा. इतक्या भराभर, की मेंदू तिन्ही एकत्र करून टाकतो.

आता जरा हिशेब करू. वही नको, ऐकत राहा. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद. तीन रंग, म्हणजे एका रंगाला ५.५६ मिलिसेकंद. प्रत्येक रंगाच्या २५६ छटा हव्यात.

भाजीवाल्याकडची जुनी वजनं आठवा. तो प्रत्येक वजनासाठी वेगळा बाट ठेवत नाही; ५० ग्रॅम, १००, २००, ५०० असे मोजके बाट एकत्र करून हवं ते वजन जुळवतो. इथंही तसेच आठ बाट आहेत, पण वेळेचे: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. बेरीज २५५. मग सगळ्यात छोटा बाट किती वेळाचा? ५.५६ मिलिसेकंदांना २५५ नं भागा. २१.८ मायक्रोसेकंद. सगळ्यात मोठा, १२८ पट, म्हणजे २.८ मिलिसेकंद.

म्हणजे एका चित्राचे २४ पातळ थर झाले, तीन रंग गुणिले आठ बाट. प्रत्येक थरात प्रत्येक आरशासाठी फक्त ० किंवा १. या थरांना बिटप्लेन म्हणतात. एक थर २,३०,४०० बिटचा, म्हणजे २८,८०० बाइट. २४ थर मिळून ६,९१,२०० बाइट. आजच्या मानानं काहीच नाही, व्हॉट्सॲपवरचा एखादा फोटो याहून मोठा असतो.

पण अडचण आकाराची नाहीच. अडचण घाईची आहे.

[०७:३०] पंगतीची घाई

सरासरी काढली तर सेकंदाला ३३ कोटी बिट आरशांखाली पोचवायचे आहेत. ठीक आहे, जमेल. पण तो सगळ्यात छोटा बाट आठवा, २१.८ मायक्रोसेकंद. ही पंगत एवढ्यातच उठणार, आणि तेवढ्या वेळात पुढच्या पंगतीची सगळी पानं मांडून झाली पाहिजेत. २,३०,४०० बिट भागिले २१.८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला १,०५० कोटींहून जास्त बिटचा वेग. सरासरीच्या तीस पटीहून जास्त! शिवाय आरशाला वळून, डळमळ थांबून स्थिर व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात ते वेगळेच.

मग करतात काय? दोन-तीन युक्त्या आहेत. एक, छोट्या बाटाची वेळ संपली की एलईडी विझवायचा. अंधारात पुढचा थर सावकाश भरायचा, मग पुन्हा पेटवायचा. काम होतं, पण तेवढा उजेड बुडतो. दोन, छोटा बाट थोडा लांब ठेवायचा आणि त्या वेळेपुरता एलईडीच मंद करायचा. तीन, सगळ्यात बारीक छटा प्रत्येक चित्रात दाखवायच्याच नाहीत. शेजारच्या ठिपक्यांत आणि पुढच्या-मागच्या चित्रांत वाटून टाकायच्या. डोळा सरासरी काढतोच. जवळ जाऊन पाहिलं तर गडद भागात मुंग्या चालल्यासारखी हालचाल दिसते ना? ती यातूनच येते.

आणि मोठे बाट सलग दाखवत नाहीत, तुकडे करून मध्ये मध्ये पेरतात. नाहीतर डोळा फिरवताना एकाच वस्तूच्या लाल, हिरव्या, निळ्या कडा सुट्या सुट्या दिसतात. काहींना तरीही दिसतात.

हे सगळं वेळापत्रक सांभाळायला वेगळी कंट्रोलर चिप असते. डीएलपी२००० साठी तिचं नाव डीएलपीसी२६०७. इथं एक सल्ला, खास करून ज्यांना एफपीजीए आवडतो त्यांना. “मी कंट्रोलर स्वतःच लिहीन” असं मनात येईल. नका येऊ देऊ. कंपनी डेटाशीटमध्ये स्पष्ट सांगते की या डीएमडी त्यांच्याच कंट्रोलरबरोबर वापरा, तरच भरवसा. रिसेटच्या झटक्याचा आकार आणि वेळ आरशाच्या यांत्रिक स्वभावाशी जुळवलेली असते. ती चुकली तर आरसे चिकटतात. तुमच्या हातात काय उरतं? वीज, एलईडी, चित्राचा डेटा आणि उष्णता. आणि ते चार विषय पुरेसे आहेत, खरंच.

[१०:००] एलईडी: एका बॅटरीवर तीन स्वभाव

लिथियम बॅटरी भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते, संपत आली की ३ च्या आसपास. आता एलईडी बघा. लाल एलईडीला सव्वादोन-अडीच व्होल्ट पुरतात. हिरव्या आणि निळ्याला तीन ते साडेतीन लागतात.

म्हणजे लालसाठी व्होल्टेज नेहमी खाली आणायचं. हिरव्या-निळ्यासाठी बॅटरी भरलेली असेल तर खाली आणायचं, आणि बॅटरी उतरली की वर चढवायचं! म्हणून इथं साधा कन्व्हर्टर चालत नाही. दोन्ही करणारा लागतो, बक-बूस्ट. डीएलपी२००० बरोबरच्या डीएलपीए१००० या पॉवर चिपमध्ये हा बक-बूस्ट, तीन एलईडींचे स्विच आणि डीएमडीची उंच व्होल्टेज असं सगळं एकाच जागी आहे. छोट्या प्रोजेक्टरमध्ये जागा वाचते ती यामुळेच.

पण नुसतं व्होल्टेज देऊन भागत नाही. सेकंदाला किमान १८० वेळा रंग बदलतो, आणि प्रत्येक वेळी कन्व्हर्टरला २.३ वरून ३.३ वर आणि परत खाली यावं लागतं. त्याच्या तोंडाशी कपॅसिटर असतो, पाण्याच्या टाकीसारखा. टाकी मोठी ठेवली तर व्होल्टेज शांत राहतं, पण पातळी बदलायला वेळ लागतो. मग प्रत्येक रंगाच्या सुरुवातीचे छोटे बाट अंधुक पडतात. टाकी छोटी ठेवली तर पातळी पटकन बदलते, पण करंट थरथरतो आणि ती थरथर छटांमध्ये दिसते. चढताना व्होल्टेज हद्दीबाहेर उसळलं तर एलईडीला दणका बसतो. कपॅसिटर आणि इंडक्टरचे आकडे डेटाशीटमध्ये दिलेत ते याच कारणासाठी. “घरात दुसरा होता तो लावला” असं करू नका.

आता याची दुसरी बाजू. एलईडी असा धपाधप करंट ओढतो तेव्हा मागे जोडलेल्या रास्पबेरी पायचं काय होतं? समजा तुमच्या स्वस्त यूएसबी केबलचा जाता-येता मिळून रोध ०.३ ओहम आहे आणि सगळं मिळून २ अँपिअर वाहताहेत. ०.३ गुणिले २, म्हणजे ०.६ व्होल्ट केबलमध्येच गेले. ५ चे ४.४ झाले. रास्पबेरी पाय ४.६३ च्या खाली गेला की व्होल्टेज कमी असल्याची सूचना देतो, आणि पुढे अडखळतो किंवा पुन्हा सुरू होतो. लोक सॉफ्टवेअरमध्ये दोन रात्री चूक शोधतात आणि दोष केबलचा निघतो! जाड, आखूड केबल घ्या. बोर्डला आणि पायला ५ व्होल्ट वेगवेगळ्या तारांनी एकाच उगमापासून द्या.

[१२:४०] चालू करायचा क्रम, आणि बंद करायचा

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. फोन खिशात ठेवून नीट ऐका.

डीएमडीला साधं लॉजिकचं व्होल्टेज लागतंच, पण आरशांना हलवायला आणखी तीन लागतात. याच कुटुंबातल्या डीएलपी२०१० चे आकडे सांगतो: ऑफसेट १० व्होल्ट, बायस १८ व्होल्ट आणि रिसेट उणे १४ व्होल्ट. एका नखाएवढ्या चिपवर १.८ पासून १८ पर्यंत आणि शून्याच्या खालीही!

हे कुठल्याही क्रमानं देऊन चालत नाही. आधी लॉजिक जागं व्हायला हवं. मेमरीत काय आहे हेच ठाऊक नसताना वर १८ व्होल्ट आले तर आरसे कुठंही ओढले जातील. ऑफसेट आणि बायस यांच्यातला फरकही ठरावीक मर्यादेपुढं जाता कामा नये. हा क्रम पॉवर चिप सांभाळते, म्हणून सर्किटमध्ये तिला वळसा घालून काही जोडायचं नाही.

चढताना जेवढी काळजी, त्याहून जास्त उतरताना. बंद करण्याआधी कंट्रोलर आरशांना पार्क करतो. म्हणजे सगळ्यांची पकड सोडून त्यांना मधल्या, सपाट अवस्थेत आणतो. मग उंच व्होल्टेज उतरतात, आणि सगळ्यात शेवटी लॉजिक बंद. यासाठी बोर्डवर एक सिग्नल असतो, प्रोज ऑन. तो खाली ओढला की हा सगळा विधी आपोआप होतो.

आणि थेट प्लग ओढला तर? आरसे कललेल्या अवस्थेत, व्होल्टेज वेडीवाकडी कोसळताहेत. एकदा केलं म्हणून लगेच मरेल असं नाही. पण असं वारंवार झालं तर आरसे एका बाजूला चिकटायला लागतात. चिकटलेला आरसा म्हणजे भिंतीवर कायमचा पांढरा किंवा काळा ठिपका. तो दुरुस्त होत नाही. चिप बदलावी लागते.

म्हणून तुमच्या सर्किटमध्ये दोन गोष्टी असू द्या. पहिली, पॉवरचं बटण थेट वीज तोडणारं नको. बटणानं आधी प्रोज ऑन खाली जावा, थोडा वेळ थांबावं, मग वीज तुटावी. दुसरी, वीज अचानक गेली तर? आपल्याकडे जाते, काय सांगायचं! त्यासाठी पार्किंगपुरती ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवलेली हवी.

किती? सोपं सूत्र आहे: करंट गुणिले वेळ भागिले चालू शकेल एवढी व्होल्टेजची घट. समजा पार्किंगला ५ मिलिसेकंद धरले आणि ५ व्होल्टच्या लाइनवर १ व्होल्ट घट चालते. एलईडी चालू राहिले आणि २ अँपिअर वाहत असले तर लागतील १०,००० मायक्रोफॅरड. एवढा कपॅसिटर प्रोजेक्टरपेक्षा मोठा दिसेल! पण वीज गेल्याचं कळताक्षणी एलईडी विझवले आणि उरलेलं सर्किट ०.३ अँपिअर घेत असेल, तर १,५०० मायक्रोफॅरडमध्ये भागतं. म्हणजे पहिलं काम एलईडी बंद, दुसरं काम आरसे पार्क. आणि वीज गेल्याचं ओळखायला ५ व्होल्टवर नजर ठेवणारी एक साधी कम्पॅरेटर चिप पुरते. आत बॅटरी असेल तर हा प्रश्न बराच सुटतो. म्हणून घरगुती प्रोजेक्टमध्येही एक छोटी बॅटरी ठेवावी असं मी म्हणेन.

[१५:५०] रास्पबेरी पाय जोडताना पिन कुठं संपतात

डीएलपी२००० चं तयार बोर्ड मुळात बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणकासाठी बनवलंय. पण आपल्याकडे बऱ्याच जणांकडे रास्पबेरी पाय असतो, त्यामुळे त्याचंच बोलू.

हे बोर्ड चित्र घेतं ते समांतर तारांनी. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवे, निळे आठ आठ बिट, म्हणजे २४ तारा. शिवाय चार सिग्नल: पिक्सेल क्लॉक, डेटा एनेबल, ओळीची खूण आणि चित्राची खूण. एकूण २८. आणि पायच्या ४० पिनच्या पट्टीवर वापरता येणाऱ्या पिन किती? बरोबर २८!

आनंद झाला ना? थांबा. कंट्रोलरला “आता बाहेरचं चित्र दाखव” असं सांगायला आय-टू-सी च्या दोन तारा लागतात, आणि प्रोज ऑनला एक. त्यासाठी पिनच उरली नाही. वर पायच्या नेहमीच्या आय-टू-सी पिन, क्रमांक २ आणि ३, याच नेमक्या ओळीच्या आणि चित्राच्या खुणेसाठी खर्च झालेल्या.

उपाय असा: प्रत्येक रंगाचे आठऐवजी सहाच बिट वापरायचे. १८ अधिक ४, झाले २२. सहा पिन मोकळ्या झाल्या. त्यातल्या दोघींवर सॉफ्टवेअरनं आय-टू-सी चालवायचं, एकीवर प्रोज ऑन. रंग १ कोटी ६७ लाखांवरून २ लाख ६२ हजारांवर येतात. आकाशाच्या फोटोत हलके पट्टे दिसतील, सिनेमा बघताना फारसं जाणवत नाही. बोर्डवरचे रिकामे राहिलेले खालचे बिट मात्र लोंबकळत ठेवू नका, ग्राउंडला बांधा. नाहीतर ते हवेतला गोंगाट उचलतात.

वेग किती? ६४० गुणिले ३६० गुणिले ६०, सेकंदाला १ कोटी ३८ लाख ठिपके, मधल्या मोकळ्या वेळेमुळे त्याहून थोडे जास्त. म्हणजे एका ठिपक्याला ७० नॅनोसेकंदांच्या आसपास. ब्रेडबोर्ड आणि वीतभर जंपर तारांवर हे डळमळतं. चित्रात कचरा, सरकलेल्या ओळी, रंगीत ठिणग्या. छोटं पीसीबी करून दोन्ही बोर्ड एकमेकांवर थेट बसवा. क्लॉकच्या तारेशेजारी ग्राउंड ठेवा. पीसीबी बनवून देणारे आता पाच-दहा नगही आनंदानं देतात.

[१८:१०] उष्णता, डोळे आणि १५ ल्युमेनचा प्रश्न

एलईडीला दिलेल्या विजेचा बराच भाग उष्णता होतो, आणि डबी बंद. तापला की सगळ्यात आधी लाल एलईडी मंद होतो, हिरवा-निळा त्यामानानं टिकतात. म्हणून अर्ध्या तासानं चित्र निळसर-हिरवट दिसायला लागतं. कॅमेरा बिघडला नाही, लाल दमलाय. एलईडीजवळ तापमान मोजणारा थर्मिस्टर ठेवा, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तिन्ही रंगांचा करंट मिळून कमी करा. एलईडीची उष्णता ॲल्युमिनियमच्या पट्टीनं थेट बाहेरच्या आवरणापर्यंत न्या, बॅटरीकडे नको.

आणि चालू प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये डोळा घालून बघायचं नाही. छोटा आहे म्हणून निरुपद्रवी नाही. एवढ्याशा जागेतून तो सगळा उजेड बाहेर पडतो. घरात लहान भावंडं असतील तर विशेष काळजी घ्या.

आता शेवटचा प्रश्न, जो बऱ्याच जणांच्या मनात असतो: एवढं छोटं झालंय तर सगळ्या फोनमध्ये प्रोजेक्टर का नाही? प्रयत्न झाला होता. २०१२ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी बीम आणला. त्यात प्रोजेक्टर होता, ६४० बाय ३६०, १५ ल्युमेन. बॅटरी २,००० मिलिअँपिअर-तास.

१५ ल्युमेन भिंतीवर पसरून बघू. ५० इंची चित्र म्हणजे साधारण १.१ मीटर बाय ०.६२ मीटर, ०.६९ चौरस मीटर. १५ भागिले ०.६९, म्हणजे जेमतेम २२ लक्स. घरात ट्यूबलाइट लावली की भिंतीवर शंभर लक्स सहज पडतात. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंतीवर आधीच जेवढा उजेड आहे तोच त्याचा काळा! मग चित्र फिकं पडणारच. तेच चित्र २० इंचांचं केलं तर १३६ लक्स मिळतात, बरं दिसतं. पण २० इंचांसाठी अंधार करून फोन टेबलावर टेकवून कोण बसणार? तिप्पट उजेड हवा तर जवळपास तिप्पट वीज, तिप्पट उष्णता, आणि ती सगळी तुमच्या तळहातात. सर्किट कितीही हुशार केलं तरी इथं गणित अडतं. म्हणून प्रोजेक्टर फोनच्या बाहेर वेगळ्या डबीतच राहिले.

[२०:४०] मग करायचं का?

करायचं, नक्की करायचं. पण कशासाठी ते ठरवून. घरी सिनेमा बघायला असेल तर तयार प्रोजेक्टर घ्या, स्वस्त पडेल. शिकायचं असेल तर यासारखं प्रोजेक्ट नाही. पॉवर सप्लाय, हायस्पीड डेटा, प्रकाश, यंत्र, उष्णता असं सगळं एका मुठीत येतं. आणि उजेड कमी लागणाऱ्या कामांत हा छोटा प्रोजेक्टर खरोखर उपयोगी आहे. एखाद्या वस्तूवर रेघांचे पट्टे पाडून, कॅमेऱ्यानं फोटो घेऊन तिचा त्रिमितीय आकार मोजता येतो. अंधाऱ्या खोक्यात, हातभर अंतरावर, १५ ल्युमेन भरपूर झाले.

सुरुवात या क्रमानं करा. आधी तयार बोर्ड घ्या आणि त्यातलं अंगभूत चाचणीचं चित्र भिंतीवर पाडा. मग पार्किंगसह चालू-बंद करायचं सर्किट पक्कं करा. मगच पाय जोडा. आणि डबी, बॅटरी, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलटं करतात, सुंदर डबीपासून सुरुवात.

तोपर्यंत एक प्रयोग, यासाठी काहीही विकत घ्यायला नको. कॉलेजात किंवा ऑफिसात डीएलपी प्रोजेक्टर असेल तर त्यावर पांढरं चित्र लावा. फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्यानं भिंतीचा व्हिडिओ काढा. डोळ्याला पांढरं दिसणारं चित्र व्हिडिओत लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्यांत फुटलेलं दिसेल. काही यंत्रांत रंगीत चकती असते, काहींत एलईडी, पण युक्ती एकच. आणि पट्टे अजिबात दिसले नाहीत तर तो बहुधा एलसीडी प्रोजेक्टर आहे, त्यात तिन्ही रंग एकदम जातात.

व्हिडिओ पाठवा, कुठला प्रोजेक्टर ते लिहा. पुढच्या भागात त्यातले निवडक बघून पट्ट्यांवरून रंग सेकंदाला किती वेळा बदलतो ते मोजू. भेटू मग. आणि हो, प्लग ओढू नका!